तिसऱ्या शिखरावरची देवी

देवाशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा हाये. म्हंजे नारळाचा आकडा थोडा मागंपुढं होईल, आन् देवीचा भाग मी शपथेच्या बाहेर ठेवतो. बाकी सगळं खरं. चहा सांगा, मंग आयका.

आता काय सांगू तुमाले, आमच्या किन्हीराजात उंच म्हनलं तर पान्याची टाकी. तिच्यावर चढलं की तालुक्याच्या गावाचा, मालेगावचा रस्ता दिसते, सोयाबीन दिसते, आन् सोयाबीनच्या पलीकडं सोयाबीन. मले लहानपनापासून एकच ध्यास. एकदा अशा जागी उभं राहाचं, जिथून खाली पाह्यलं तर ढगाची पाठ दिसली पायजे. आपुन जलमभर ढगाचं पोटच पाह्यलं.

मोबाईलात पाहून पाहून तीन शिखरं सापडली. इगतपुरीच्या तिकडं, रस्ता संपते त्याच्या बी पुढं. एका दिवसात तिन्ही करायचे. अंधारात निघायचं, अंधार पडायच्या आत उतरायचं. नावं सांगत नाही, उद्या तुमी जाल आन् माह्या नावानं बोंबलाल.

मी आन् माहा दोस्त गज्या, दोन महिने तयारी करून राह्यलो होतो. टाकीवर रोज दहा चकरा. पाठीवरची बॅग किराना दुकानाच्या काट्यावर मोजली. पाच किलो. अजून कमी कराव म्हनून गज्यानं टूथब्रशची दांडी कापली.

म्या म्हनलं, "लेका, तू घासतच नाही, तर नेतं कायले?"

राह्यला बाप. सोयाबीन सोंगाले, म्हंजे कापाले आलं होतं.

"बाबा, दोन दिवस डोंगरावर जातो."

"काहून?"

"वर जाऊन पाहाचं हाये."

"काय पाहाचं?"

"खाली."

"मंग खालीच राय. सोंगनी हाये."

म्या तोंड बारीक केलं आन् म्हनलं, "नवस हाये बाबा. तिसऱ्या शिखरावर देवी हाये. जागृत."

बाबाच्या हातातला इळा थांबला. "मंग असं बोल ना बे पयले. देवाचं राह्यलं नाही पायजे."

मी खूश. आन् इथंच मी फसलो. आमच्याकडं लांबच्या देवाले कोनी एकटं जात नाही. मानूस जाते एक, नारळ जाते गावाचे. ज्याले जमत नाही तो आपला नारळ पाठवते, आन् जानाऱ्यानं नाही म्हनायचं नसते. हे मले माहीत नव्हतं का? मीच दोनदा पाठवला होता, पास होवाले.

संध्याकाळी पयली आली शेजारची शांताकाकू.

"बापू, माह्या पोरीच्या लग्नाले सहा वर्सं झाली, अजून पाळना नाही. देवीले सांगजो, शांता गुडघ्यानं आली नाही, पन मनानं आली."

"सांगतो काकू."

"नाव काय रे देवीचं?"

"शिखराई." तोंडाले आलं ते सांगतलं.

काकूनं लगेच हात जोडले. "आयकलं हाये."

कुठं आयकलं, शिखराईलेच माहीत. सकाळपर्यंत सत्तावीस नारळ झाले, हरेकावर पेनानं नाव. त्याच काट्यावर मोजलं, पाचाचे एकवीस किलो. गज्या काट्याकडं पाहत म्हनला, "आन् म्या ब्रशची दांडी कापली."

मालेगावच्या स्टँडवर तो म्हनला, "ठेवून दे इथंच. कोनाले कयते?"

ठेवलेच असते. मी काही सज्जन मानूस नाही, तुमाले ठाऊक हाये. पन सगळ्यात वर शांताकाकूचा नारळ होता. त्यावर तिचं नाव, आन् खाली बारीक अक्षरात पोरीचं.

नेले.

दुसऱ्या दिवशी पयल्या शिखराच्या खिंडीतच आमाले दुपार झाली. दोन्ही हातानं कपार धरून चढायचं, आन् पाठीवर सत्तावीस लोकं नवस बोलून राह्यले. समोर तिसरं शिखर उभं, कमरेले ढग गुंडाळून. इतकं जवळ, की हाक मारली असती तर वळून पाह्यलं असतं.

गज्या म्हनला, "आता एकाचाच टाइम हाये, तिसरंच करू. येतं का?"

"तू जा बे, हे वझं घेऊन मले जमत नाही. माह्या वाटचं बी पाहून घे."

तो गेला. मी एक दगड धुतला आन् नारळ फोडाले बसलो. एकेकाचं नाव घेऊन, मागनं सांगून. काकूचा शेवटी. "शांता गुडघ्यानं आली नाही, पन मनानं आली," म्हनलं, आन् पोरीचं नाव घेऊन फोडला.

गज्या परत आला.

"दिसली का रे ढगाची पाठ?"

"हाव."

"कशी हाये?"

तो दगडापाशी येऊन बसला. मंग म्हनला, "खोबरं दे."

गावात म्या सांगतलं, देवी पावली. आन् लेकहो, सहा महिन्यात काकूच्या पोरीले दिवस गेले. मंग काय, नवस फेडाले औंदा दोन जीपा निघाल्या. खिंडीत आलो तं म्या माहा दगड दाखवला, हेच देवीचं ठान म्हनलं.

काकू कमरेवर हात ठेवून उभी. "तिसऱ्या शिखरावर म्हनला होता तू."

"काकू, गुडघे?"

"बलावनं आलं की गुडघे बी येतात."

गज्याचा हात धरून, बसत, रांगत, काकूसकट सगळे वर गेले. खाली चपला आन् डबे सांभाळाले कोनीतरी पायजे होतं. मले बसवलं.

उतरल्यावर म्या जीव मुठीत धरून इचारलं, "दिसली का देवी?"

"दिसली ना. दगडच हाये, पन चेहरा लय शांत." मंग माह्या डोक्यावरून हात फिरवून म्हनली, "आन् बापू, खाली पाह्यलं तं ढगाची पाठ दिसते रे. तुले माहीतच असंल म्हना."

तं असं हाये. शिखराईले जाऊन तिचं दर्शन न झालेला आमच्या गावात एकच मानूस हाये, आन् गोष्ट सांगाले तोच बसते.

चला, चहाचे तुमी द्या. आन् वरून एका नारळाचे बी. येत्या खेपेले माह्या नावाचा न्याचा हाये.