शांताच्या मेणअळ्या

शांता गेल्याची तार मारेगावला आली तेव्हा मी पाचवीचा वर्ग घेत होते. तार वाचली, घडी घातली आणि राहिलेली कविता शिकवून संपवली. आता महिना उलटून गेला, अजून रडू आलेलं नाही...

आमच्या वस्तीनं बुद्ध धम्म घेतला त्या साली आम्ही दोघी दारव्ह्याला मॅट्रिकच्या वर्गात एका बाकावर बसायचो. पुढे मी मास्तरीण झाले. ती नागपूरहून बी.एस्सी. होऊन आली आणि दारव्ह्याच्याच शाळेत विज्ञान शिकवू लागली. घरामागे तिनं मधमाश्यांची पेटी ठेवली होती. एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा पेटीतलं पोळं अळ्यांनी पोखरलं. मेण खाणाऱ्या त्या अळ्या वेचून तिनं खताच्या पोत्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. सकाळी पाहतो तर पिशवीची चाळण झालेली आणि अळ्या घरभर. तिचे यजमान नामदेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. ते झाडू घेऊन आले. शांता मात्र पिशवी उजेडात धरून पाहत उभी होती.

"हे सडत नाही, कुजत नाही म्हंतेत. मंग यायनं कसं खाल्लं?"

"खाल्लं नसन, कुरतडलं असन," मी म्हणाले.

"तेच तर पाहाचं हाये."

तिनं काही अळ्या नुसत्या प्लास्टिकवर ठेवल्या. एक चिरून तिच्या आतड्यातला थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात वळवळणारे जंतू तिनं मलाही दाखवले. गाईच्या पोटातले जंतू चारा पचवायला मदत करतात, तसं इथंही असेल का, हा तिचा प्रश्न. प्लास्टिकवरच्या अळ्या सुकत गेल्या, बऱ्याच मेल्या, पण पिशवीला भोकं पडतच राहिली. उत्तर शाळेत मिळण्यासारखं नव्हतं. पुन्हा नागपूरला शिकायला जायचं तिनं ठरवलं, तेव्हा नामदेवराव काही दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "जाय तू. लोकायचं मी ऐकून घेईन."

प्रवेश मिळाला, ट्रंक भरून झाली... आणि कावीळ झाली. मी शेवटची भेटले तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. "माह्या पोटातले जंतू काही कामाचे नाही निघाले," ती म्हणाली. मी हसले. हसायला नको होतं, असंही तेव्हा वाटलं नाही.

मागच्या रविवारी दारव्ह्याला गेले. नामदेवराव स्वयंपाकघरात बसून एका बरणीत मधाच्या पोळ्याचे तुकडे टाकत होते. आत अळ्या हलत होत्या.

"भाऊजी, तुमाले तर यायची किळस येते."

"येते न."

"मंग काहून?"

ते तुकडे टाकत राहिले. "ती नागपूरले गेल्यावर मीच पाहीन म्हनलं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "गेलीच हाये न ती..."

बरणीच्या तोंडावर फडकं बांधून त्यांनी मला चहा विचारला. मी हो म्हणाले.