एकावर बारा शून्यं

जमीनमोजणीतून निवृत्त झालेल्या माणसाने दुसऱ्यांची यंत्रं मोजत बसू नये, हे मोजणीकाकांना कुणी सांगितलंच नाही. गल्लीत कुणी नवा कॅल्क्युलेटर आणला की काका चष्मा पुसत हजर. एकावर बारा शून्यं, एवढ्या अंशांचा कोन घालायचा आणि साइनचं बटण दाबायचं. त्यांच्या स्वतःच्या तीस वर्षं जुन्या यंत्रावर उत्तर यायचं शून्य.

"एवढा फिरला, तरी शेवटी घरीच आला ना?" काका म्हणत.

ज्याचं उत्तर वेगळं, त्याच्या पाठीवर 'बाद' अशी लाल चिठ्ठी. काही यंत्रं 'एरर' दाखवत, गणितच नको म्हणून हात वर करत. ती प्रामाणिक ठरून सुटत.

यंदा गाठ सुनेशी पडली. ती कारखान्यात नकाशे काढते आणि दुसऱ्याच दिवशी तिची बढतीची परीक्षा. तिचं नवं यंत्र म्हणालं, उणे ०.९८४८. चिठ्ठी चिकटली. यंत्र दुकानात परत करायला काका चपला शोधू लागले.

"बाबा, आधी हाताने भागा. पूर्ण फेरे काढून टाका, उरेल तो खरा कोन."

"माझ्या यंत्रानं शेकडो शेतं मोजलीत."

"मग एका भागाकाराला का घाबरतंय?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, भागा की. या घरात तुमच्या हातून काही झालेलं मलाही बघू दे."

काका वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडून बसले. हजाराला तीनशे साठने भागलं, उरले दोनशे ऐंशी. शून्य जोडून भागलं, पुन्हा दोनशे ऐंशी. "पुढेही तेच येणार," सून म्हणाली, पण काका हट्टाने बाराव्या शून्यापर्यंत गेले. मग दोनशे ऐंशीचा साइन त्यांनी आपल्याच जुन्या यंत्राला विचारला. घरभेद्याने निमूट सांगितलं, उणे ०.९८४८.

"तुमच्या यंत्राच्या आठ आकड्यांच्या पोटात एवढा कोन मावत नाही, बाबा. उरलेलं ते गिळून टाकतं."

काकांनी सुनेच्या यंत्रावरची चिठ्ठी नखाने सोलली. संध्याकाळी ते बाकीच्या चिठ्ठ्या सोलत दारोदार फिरले. "फेरतपासणी झाली. तुमचं यंत्र सुधारलंय."

"आपोआप?" बेकरीवाल्याने विचारलं.

"संगत चांगली असेल."

घरी येऊन त्यांनी जुन्या यंत्राच्या पाठीवर 'बाद' चिकटवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'फक्त बारा शून्यांना'.

"पण बाबा, एवढा कोन असतो तरी कुठल्या शेतात?"

"तुझ्या सासूच्या माहेरी," काका हळूच म्हणाले.

आत भांडं आपटलं. काकूंच्या कानांची तपासणी मात्र त्यांनी कधी केली नव्हती.