बारीक चिरलेली पिवळी

आमच्या आत्याला कशाची भीती वाटत नाही, हे सांगणं सोपं आहे. झाडांची वाटत नाही. बाकी कुलूप, गॅसची शेगडी, विजेचं बटण, दारावरची थाप आणि त्यातही साहेबलोकांची थाप, यांनी तिचा अख्खा जन्म खाल्ला. बाहेर निघाली की कोपऱ्यावरून परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. आम्ही भाचरं तिच्या मागोमाग जाऊन कुलूप ओढायची नक्कल करायचो. तीही हसायची, आणि हसता हसता पुन्हा एकदा ओढायची.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, कालव्याच्या गेटवर नोकरीला होते. लोखंडी चाक फिरवून गेट उघडायचं, पाणी सोडायचं, ठरल्या वेळेला बंद करायचं. बरोबरचे लोक त्यांना 'घड्याळ' म्हणत. वरून आदेश आल्याशिवाय आपण कधी वेळेआधी गेट बंद केलं नाही, याचा त्यांना भारी ताठा. राहायला तिथेच दोन खोल्यांचं क्वार्टर. मागचं दार उघडलं की अंगण, अंगणापलीकडे दगडी पायऱ्या आणि खाली कालव्याचं पाणी.

अंगणात सिमेंटची एक जुनी टाकी होती. तीत आत्याने 'पिवळी' लावली होती. हे नाव तिनेच ठेवलेलं, खरं तिला ठाऊक नव्हतं. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने कधीतरी एक काडी फुकट दिली होती, त्या एका काडीने टाकी भरून गेली. लालसर देठ, चकचकीत पानं आणि पाण्यावर वाऱ्याने डुलणारी पिवळीधमक फुलं. दुपारी शिवणाचं मशीन बंद करून आत्या टाकीच्या काठावर बसायची. तेवढा वेळ तिला कुलूप आठवत नसे, शेगडी आठवत नसे. काकांना विचाराल तर त्यांच्या लेखी जगात तीनच वनस्पती होत्या: झाड, गवत आणि अडथळा. पिवळी पाण्याच्या वाटेत येत नव्हती, म्हणून ती त्यांना कधी दिसलीच नाही.

काकांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हा कालव्याच्या रस्त्यावर नवा फलक लागला. वर घातक पाणवनस्पतींची रंगीत चित्रं, खाली लाल अक्षरांत 'कारवाई होईल'. चित्रांतल्या एका रोपाला लालसर देठ होते आणि पिवळं फूल.

मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्या दिवशी आत्या गिऱ्हाइकांच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती. गर्दी पांगल्यावर पुढे आली.

"हळू बोल हं," ती म्हणाली. मी अजून काहीच बोलले नव्हते. तिने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी काढली. "आपली पिवळी तण आहे का गं?"

"मला काय ठाऊक? मी खोकल्याचं औषध विकते."

"ह्यांची नोकरी जाईल. कालव्यावरचा माणूस आणि त्याच्याच घरात हे! क्वार्टर काढून घेतील. या वयात कुठे जाऊ आम्ही?"

"आत्या, एका फुलझाडापायी कोणी बेड्या घेऊन येत नाही."

"तू हस. तुझं काय जातंय?"

तिने काडी माझ्या हातात कोंबली आणि दाराकडे वळून पाहिलं. मग माझं हसू ओसरलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. वनस्पतींच्या सरकारी कार्यालयात विचारून येते, तोवर स्वस्थ बस, असं मी तिला बजावलं. स्वस्थ बसणं हे तिला कधी जमलं असतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

कार्यालयातल्या बाईंनी काडी पांढऱ्या बशीत ठेवली, भिंग लावून देठाची पेरं पाहिली.

"तणच आहे," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून लगेच पुढे बोलल्या, "घरी टाकीत आहे ना? मग असू द्या. तो फलक कालव्यात सोडणाऱ्यांसाठी आहे. लाल अक्षरांच्या वर लिहिलंय तसं, पण ते कोणी वाचत नाही."

"आणि काढून टाकायची असेल तर?"

"अख्खी उपटायची आणि उन्हात फरशीवर कडकडीत वाळवायची. फक्त तुकडे करू नका. बोटभर तुकडा पाण्यात पडला तरी त्याला मुळं फुटतात. एकदा कालव्यात गेली की आवरत नाही ती. पुढे शेतांना पाणी पोचत नाही."

बसमध्ये मी आत्याला कसं चिडवायचं याची तयारी करत बसले. 'घाबरट मंडळाच्या अध्यक्षबाई, आपली सुटका झाली आहे,' असं काहीतरी म्हणणार होते.

मागच्या अंगणात गेले तर टाकी रिकामी. घासूनपुसून लख्ख. शेजारी लाकडी फळी आणि भाजी चिरायची सुरी वाळत ठेवलेली. आत्या कपडे पिळत चक्क गुणगुणत होती.

"आत्या, पिवळी कुठे आहे?"

"गेली एकदाची!" तिचा इतका मोकळा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "हे कामावर गेले आणि मी सगळी उपसली. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून बारीक चिरली, अगदी कोशिंबिरीसारखी. आणि दिली पायऱ्यांवरून सोडून. बघता बघता वाहून गेली."

मी पायऱ्यांकडे धावले. खालच्या पायरीला हिरवे-लाल तुकडे चिकटले होते. थोडं पुढे, गेटच्या जाळीपाशी, तेच तुकडे गोल गोल फिरत होते आणि एकेक करून जाळीतून पलीकडे निसटत होते.

मी तिला बाईंचं बोलणं सांगितलं. काहीही गाळलं नाही. ती खाली बसली.

"म्हणजे मी पेरली," ती म्हणाली. "माझ्या हाताने पेरली."

मग ती उठली आणि गेटकडे चालू लागली.

गेटवरच्या पुलाची फरशी लोखंडी जाळीची आहे, पायाखाली घोंगावणारं पाणी दिसतं. इतक्या वर्षांत आत्याने त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. काकांचा डबाही ती अलीकडूनच द्यायची. आज दोन्ही कठडे धरून, ओठ आवळून, एकेक पाऊल सरकवत ती मधोमध पोचली. तिला पुलावर पाहून काकांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"अगं, कोण गेलं?"

"कोणी नाही. अहो, गेट बंद करा."

"वेळ कुठे झालीय? आदेश नाही."

"मी कालव्यात तण टाकलंय. बारीक चिरून." आणि मग एका दमात, "तुमची नोकरी जाईल म्हणून भ्यायले मी."

काकांनी घड्याळात पाहिलं. मग जाळीवर उभ्या तिच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी चाकाला हात घातला आणि गेट बंद केलं.

बादल्या, चाळण्या, मच्छरदाणीचं कापड, हाताला लागेल ते घेऊन आम्ही अंधार पडेपर्यंत तुकडे गाळत होतो. साहेबांना फोन काकांनी स्वतःच केला. थोड्या वेळाने दारावर ती थाप पडली, जिला आत्या जन्मभर भीत आली होती. साहेब चार शब्द कडक बोलले, पाणी प्यायले आणि गेले. नोकरी गेली नाही. क्वार्टरही निवृत्तीपर्यंत राहिलं. जे होईल म्हणून ती घाबरली, त्यातलं काहीच झालं नाही.

पण गेट बंद होण्याआधी किती तुकडे पुढे गेले, हे कोण सांगणार? आता दोघं बस थांब्याजवळ एका खोलीत राहतात. आत्या रोज सकाळी पिशवी घेऊन कालव्याच्या काठाने चालते. लोकांना वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. कुलूप एकदाच लावते हल्ली, परत फिरून बघत नाही. सगळी भीती एकाच जागी जाऊन बसली आहे.

गेल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले. वळणाजवळ ती एकदम थांबली. गवताच्या आड एक पिवळं फूल डुलत होतं.

"अगंबाई, काय सुरेख फुललंय," ती म्हणाली. जुन्या टाकीच्या काठावर बसून म्हणायची तशीच. मग तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

चपला काढून ती पाण्यात उतरली. मुळाशी बोटं घालून, एक पानही तुटू न देता, तिने अख्खं रोप काढलं, पिशवीत ठेवलं, तोंड बांधलं. तेवढ्यात माझी नजर वळणापलीकडे गेली. तिथून पुढे पाणी दिसतच नव्हतं. सगळं पिवळं होतं, पार लांबच्या पुलापर्यंत.

मी तिला काही सांगणार नव्हते, पण तिनेही मान वर केली होती. मला वाटलं, आता ही मटकन खाली बसेल.

"माझा हात धरून ठेव," आत्या म्हणाली. "मला फार भीती वाटतेय."

आणि पुढचं रोप धरायला ती आणखी खोल पाण्यात गेली.