दिनकरचा डबा, माझा बाण

शेलूला एका नव्या इमारतीच्या कुंपणभिंतीवर ‘घरांचे बुकिंग सुरू’ असं रंगवत होतो, तेव्हा दिनकरच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. “काका, बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता…” एवढंच बोलला. ‘सुरू’मधला ‘रू’ राहिला होता. मी तो पुरा केला आणि मगच शिडीवरून उतरलो. का, ते सांगता येत नाही. लाज मात्र दोन महिने झाले तरी जात नाही.

दिनकर साजगावच्या कारखान्यात होता आणि तिथले बोर्ड मी रंगवायचो, अशी आमची ओळख. कारखान्यात सुरक्षा सप्ताह असला की घोषवाक्यांची स्पर्धा असायची आणि पहिला नंबर हटकून याचाच. मशीनमध्ये कुणाचं बोट जाऊ नये म्हणून हा माणूस रात्रंदिवस यमकं जुळवायचा. मी म्हणायचो, “दिन्या, तुझं वाक्य वाचता वाचताच एखाद्याचं बोट जाईल.” एका वर्षी त्याला बक्षीस म्हणून तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळाला, झाकणावर नाव कोरलेला. निवृत्त झाल्यावरही दुपारी घरात बसून तो त्याच डब्यातून जेवायचा आणि वहिनी वैतागायच्या.

तीन वर्षांपूर्वी कर्जतमधल्या काही दुकानदार मंडळींनी एक मोहीम काढली. स्टेशनबाहेर भीक मागणाऱ्यांच्या हातावर सुटे पैसे टेकवू नका, त्यांना निवाऱ्यात पाठवा, तिथे छप्पर आणि जेवण मिळेल, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती, आजही म्हणेन. नदीपलीकडचं रिकामं गोदाम द्यायचा एकाने शब्द दिला होता. घोषवाक्य अर्थातच दिनकरचं: ‘भीक देऊ नका, निवाऱ्याची वाट दाखवा.’ फ्लेक्स नको, ऑइलपेंटच हवा, हा हट्टही त्याचाच. “टिकलं पायजे रं,” म्हणाला. रिक्षा स्टँडमागच्या भिंतीवर मी हातभर उंचीची अक्षरं काढली आणि खाली नदीकडे जाणारा लाल बाण. आधी निवारा उघडायचा आणि मग भिंत रंगवायची, एवढी साधी अक्कल आम्हा दोघांना नव्हती. गोदामवाल्याने महिनाभरात जागा भाड्याने देऊन टाकली. निवारा उघडलाच नाही… बाण राहिला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोहीम यशस्वी झाली. त्या भिंतीखाली भागीबाय बसायची. डोंगराखालच्या वाडीतली, घराच्या जागेवर कुणाच्या तरी फार्महाउसचं कुंपण आलं, तेव्हापासून स्टेशनवर. तिला वाचता येत नव्हतं. लोकांना येत होतं. खिशाकडे गेलेला हात भिंत वाचून मागे यायचा आणि वर तिला बाण दाखवायचा. एकदा ती खरंच बाणाच्या दिशेने चालत गेली. परत येऊन दिनकरला म्हणाली, “दादा, तितं कुलूप हाय. लोकं रोज मला तिकडंच धाडतात.”

त्या दिवशी दिनकर माझ्याकडे आला आणि पाणीही न घेता म्हणाला, “पुसून टाक.” आम्ही मंडळींकडे चार खेपा घातल्या. “निवाऱ्याचं बघतोय ना आपण, चांगली दिसतेय भिंत, राहू द्या,” हेच उत्तर. खरं सांगतो, एका सकाळी पांढरा रंग नेऊन मी ती पुसू शकलो असतो. पण माझी अर्धी कामं त्याच मंडळींच्या दुकानांची होती. मी नाही पुसली, आणि दिनकर मला एका शब्दाने बोलला नाही.

त्याने फक्त डबा उचलला आणि भिंतीखाली जाऊन जेवायला लागला. तिच्याबरोबर, निम्मा निम्मा. कुणी हटकलं तर सांगायचा, “भीक नाय देत, जेवतोय.” यंदा मार्चमध्ये एका दुपारी घरून फोन आला म्हणून डबा तिच्यापाशी ठेवून तो उठला. दुसऱ्या दिवशी भागीबाय नव्हती आणि डबाही नव्हता. म्हातारीने डबा लांबवला म्हणून प्रशांत हसला. दिनकरला डब्याचं काही नव्हतं. तो पार चौक गावच्या ढाब्यांपर्यंत तिला विचारत फिरला. शेवटच्या भेटीत म्हणाला, “माझ्या वाक्यानं एक माणूस घालवलं रं.” “येईल,” मी म्हणालो.

तो गेला आणि तीन आठवड्यांनी भागीबाय भिंतीखाली दिसली. भाचीच्या वाडीवर गेली होती. “त्यांचंच भागत नाय, किती दिस ऱ्हाऊ?” म्हणाली. पदराखालून तिने डबा काढला. घासून लख्ख केलेला, तिन्ही पुडांत करवंदं. “रिकामा कसा देऊ परत? दादाला दे. आला नाय तो?” मी डबा हातात घेतला. “येईल,” मी म्हणालो.

करवंदं पाहून वहिनी खूप रडल्या. मग डबा धुतला, त्यात भाकरी आणि वालाची आमटी भरली आणि माझ्या हातात दिला. “तिच्याकडनं भरून आला, रिकामा कसा पाठवू? आणि भावजी, ह्यांचं तिला तुमीच सांगा हां.” तेव्हापासून हा डबा माझ्या हातून येतो-जातो. ती कधी शेवग्याचा पाला घालून देते, कधी दोन जांभळं. आणि रोज जेवायच्या आधी झाकणावरच्या त्या नावावरून अंगठा फिरवून विचारते, “दादा?”

“येईल,” मी म्हणतो. डोक्यावर माझा लाल बाण असतो. लोक तिला कुलपाकडे धाडतात, आणि मीही.