साहेबाचा ब्रेक डाव्या पायाला

उतारावर त्याचा पाय चुकेल. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कुणाशी दुसरंच काही बोलत असतानाही हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वैऱ्याला निदान मधूनमधून विश्रांती तरी लागत असेल.

पाय माझ्या मुलाचा. वय चाळीसच्या पुढे, धंदा चष्म्यांचा, घरातलं नाव खटपट्या. हे नाव त्याच्या आत्याने ठेवलं. लहानपणी तो तिच्याकडे राहायला गेला आणि तिच्या शिवणयंत्राचा पट्टा काढून सायकलच्या चाकाला बसवून पाहिला. "वहिनी, तुमचा हा खटपट्या घेऊन जा, माझा अर्धा ब्लाऊज यंत्रात तसाच आहे," असा तिचा निरोप आला होता. पुढे तो शिकला, दुकान काढलं, लग्न झालं, मुलगी झाली. नाव सुटलं नाही, खटपटही नाही.

दुकानात त्याला पाहिलं तर कुणाला हे पटायचं नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत तो दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारत असतो, "हे बरं, की आधीचं बरं?" माणसं पुन्हा पुन्हा पाहतात आणि शेवटी म्हणतात, "दोन्ही सारखंच." तो चिडत नाही. भिंग फिरवून पुन्हा विचारतो. चष्म्याची दांडी कानामागे टोचते म्हणून एक आजोबा त्याच्याकडे सारखे येतात. दांडीत काही दोष नाही, आजोबांना बोलायला माणूस हवं असतं, हे त्याला ठाऊक आहे. तरी दर वेळी तो दांडी गरम करतो, वाकवतो, "आता बघा" म्हणतो. असा सोशिक मुलगा.

पण संध्याकाळी घरी आला की त्याला खुर्चीत बसवत नाही. चहा उभ्यानेच. कप विसळायच्या आत अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गायब. तिथे महाराणी आणि साहेब.

महाराणी म्हणजे इटालियन मोटार. दोनच माणसांची, शेवाळी रंगाची, आणि इतकी बुटकी की आत बसताना आधी पाठ टेकवायची, मग पाय ओढून घ्यायचे आणि सगळ्यात शेवटी अब्रू. लग्नाआधी तो एका निवृत्त संगीत-शिक्षिकेच्या घरी चष्मा पोचवायला गेला, तेव्हा तिच्या गॅरेजमध्ये ही ताडपत्रीखाली दिसली. सीटवर मांजर व्यालेलं. पिल्लं हिंडूफिरू लागेपर्यंत गाडी हलवायची नाही, या अटीवर बाईंनी ती विकली. खटपट्या दर रविवारी भांग पाडून पिल्लं बघायला जायचा. आमच्या ह्यांना वाटलं, कुठे मुलगी बघतोय. "जाऊ दे, विचारू नकोस, आपणहून सांगेल," असं मला बजावत होते. एक दिवस तो मुलगी नाही, मोटार घेऊन आला. तीही ढकलत.

तेव्हापासून निम्मा वेळ ती ढकललीच जाते. पावसात वायपर सुरू केले की पुढचे दिवे जातात. डावीकडे वळताना भोंगा आपसूक वाजतो, त्यामुळे गल्लीत कोण शिरलं ते सगळ्यांना कळतं. डावं दार आतून उघडत नाही. काच खाली करून हात बाहेर घालावा लागतो. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरलेली असो वा कोरडी. "महाराणी आशावादी आहेत," असं आमची सून म्हणते.

साहेब म्हणजे इंग्लिश मोटरसायकल, खटपट्याच्या जन्माआधीची. तिला चालू करणं म्हणजे मनधरणी. पेट्रोलची तोटी उघडायची, एक छोटी कळ बोटाने दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत धरायची, मग श्वास रोखून किक. घाई केली तर किक उलटी येऊन पोटरीवर बसते. जिथे उभी राहते तिथे तेलाचा डाग ठेवते. हे म्हणतात, साहेब सही केल्याशिवाय जागचा हलत नाही.

आणि साहेबाचं सगळं उलटं. आजकालच्या मोटरसायकलींचा गिअर डाव्या पायाला असतो, ब्रेक उजव्या पायाला. साहेबाचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. दुकानात जायला खटपट्याकडे साधी नवी मोटरसायकल आहे. म्हणजे सहा दिवस एक पाय थांबवतो आणि सातव्या दिवशी दुसरा.

यावर त्याची एक युक्ती होती. नव्या गाडीवर काळे बूट, साहेबावर तपकिरी. तपकिरी बूट जाड तळाचे, जड, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. "बूट चढवले की पायाला कळतं, आज कुणाकडे नोकरी आहे," असं तो सांगायचा. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण इतकी वर्षं ती चालली. तो एकदाही पडला नव्हता. आमची सून लिफ्टची तपासणी करते. उंच इमारतींत जाऊन दोर, खटके, ब्रेक पारखून सही देते. ती कशावर सहजी विश्वास ठेवणारी नाही. पण या बुटांच्या शिस्तीवर तिचा विश्वास बसला होता.

दहा-बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. सकाळी तो अंगणात साहेबाचं इंजिन चालू करून बघत होता, पायात तपकिरी बूट. तेवढ्यात दुकानातून फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलंय. तो तसाच नव्या गाडीवर बसून निघाला. चौकात दिवा लाल झाला. डावा पाय जोरात खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. इंजिन किंचाळलं, गाडीने उसळी घेतली. हाताचा ब्रेक आठवेपर्यंत ती चौकात शिरली होती. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. त्याने हँडल वळवलं आणि कोपऱ्यावरच्या गाद्यांच्या दुकानात घुसला. बाहेर मांडलेल्या गाद्यांनी त्याला झेललं.

मला कळलं ते संध्याकाळी. चहाचा कप घेताना बाही वर सरकली आणि सोललेलं कोपर दिसलं.

"हे काय?"

"काही नाही. गादीवर पडलो."

"गादीवर पडून कुणाचं कोपर सोलतं?"

मग त्याने सगळं सांगितलं. हसत हसत. गादीवाला म्हणे, साहेब, झोपून बघायची असेल तर बूट काढून बघतात. मीही हसले. पण बाबागाडीपाशी आल्यावर तो थांबला. कप खाली ठेवला.

"आई, मी विचारच केला नाही गं. पाय आपणहून गेला. मी नुसता बघत होतो."

मग म्हणाला, "तुझ्या सुनेला सांगू नकोस. उगाच घोर लावून घेईल."

मी हो म्हटलं. आई आहे, पटकन हो म्हणून बसते.

हे इथेच संपलं असतं. पण जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींची उद्या डोंगरावरच्या तलावापर्यंत सहल आहे. नात, म्हणजे आमची टिल्ली, कधीपासून या दिवसावर डोळे लावून बसली आहे. ठरलं होतं महाराणीतून जायचं. महाराणी मध्येच बंद पडली तर फार तर काय, रस्त्याच्या कडेला डबा खाऊन बापलेक ढकलत परत येतील. माझी त्याला काही हरकत नव्हती. बंद पडलेली गाडी कुणाला मारत नाही.

आज संध्याकाळी महाराणीचा क्लच गेला. पेडल दाबलं की खालीच बसतं, वर येत नाही. आतली एक रबरी चकती फाटली आहे, आणि ती परदेशातून मागवल्याशिवाय मिळत नाही. टिल्लीचं तोंड एवढंसं झालं. खटपट्याने तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या साहेबाकडे.

"मागे बसशील?"

ती नाचायलाच लागली.

सून परगावी आहे, तिथल्या एका रुग्णालयाच्या लिफ्ट तपासायला, परवा येईल. तिची एक अट आहे: टिल्लीला साहेबावर न्यायचं तर आधी तिला विचारायचं. खटपट्याने प्रामाणिकपणे फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे तिचा विचार करतानाचा नेहमीचा "हं" ऐकू आला.

"तू कधी पडला नाहीस, म्हणून हो म्हणते," ती म्हणाली. "हळू ने. आणि तिला जाकीट घाल."

खटपट्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोळीचं पीठ मळत होते, मीही मान वर केली नाही. पण त्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी शेडमध्ये गेले. तो खाली बसून चष्म्याच्या बारीक पेचकसाने साहेबाचा काहीतरी स्क्रू पिळत होता.

"तपकिरी बूट कुठे आहेत रे?"

"चांभाराकडे. तळ निघालाय. मंगळवारी देतो म्हणालाय."

"मग उद्या?"

"काळे घालीन."

"काळे? ज्यांना ब्रेक उजवीकडे माहीत आहे, ते?"

"आई, बूट म्हणजे गंमत आहे गं. साहेबावर बसलं की पायाला कळतं."

"पायाला कळतं, तर त्या दिवशी गाद्यांच्या दुकानात काय खरेदीला गेला होतास?"

तो उठला. हात पुसले, तेच फडकं उलटं करून पुन्हा पुसले. "त्या दिवशी घाई होती. उद्या घाई नाही. शिवाय टिल्ली मागे असली की मी किती जपून चालवतो, तुला माहीत आहे."

माहीत आहे. म्हणून तर भीती. जपून चालवणारा माणूस संकटात सगळ्यात जोरात ब्रेक दाबतो, आणि कुठला पाय दाबायचा हे तेव्हा तो ठरवत नाही.

"नाही नेलंस तर काय होईल?"

"तिला शब्द दिलाय." मग हळू आवाजात, "आणि मलाही जायचंय गं. आठवडाभर त्या अंधाऱ्या खोलीत 'हे बरं की ते बरं' करून माझं डोकं आंबतं. रस्त्यावर कुणी मला काही विचारत नाही."

डोळे त्याचे, पण त्यांखालची काळी वर्तुळं मला दिसतात. शेडमधून बाहेर येताना त्याचं तोंड कसं उजळलेलं असतं, तेही दिसतं. तो आनंद मला त्याच्या हातून काढून घ्यायचा नाही.

ह्यांच्याकडे गेले. हे रेडिओला कान लावून बसले होते.

"अहो, त्याला काहीतरी सांगा."

"काय सांगू? घोड्यावर बसणारा कधीतरी पडतोच."

"मागे नात बसणार आहे."

ह्यांनी रेडिओ बारीक केला. मग म्हणाले, "तिच्या आईने हो म्हटलंय ना? मग आपण म्हाताऱ्यांनी कशाला मध्ये तोंड घालायचं?"

आणि रेडिओ पुन्हा मोठा झाला. पण बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला होता, तो रेडिओशी जुळत नव्हता.

तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. टिल्ली जाकीट घालूनच झोपली आहे; काढायला गेले तर झोपेतच माझा हात ढकलला. खटपट्या वरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, त्याची पावलं मला खाली ऐकू येतात. त्यालाही झोप नाही. ओसरीत काळे बूट पुसून ठेवले आहेत. ते लपवून ठेवावेत, असंही एकदा मनात आलं. साहेबाची तोटी उघडून पेट्रोल सांडून द्यावं, असंही आलं. पण चोरून केलेल्या गोष्टीने एक रविवार टळेल. पुढचा यायचाच.

हे म्हणाले, तिच्या आईने हो म्हटलंय. तिथेच घोडं अडतं. तिने हो कशावर म्हटलं? "तू कधी पडला नाहीस" यावर. ते आता खरं नाही, आणि हे आम्हा दोघांना माहीत आहे, तिला नाही. लिफ्टचा दोर एकदा निसटला होता हे लपवून कुणी तिच्याकडून सही घेतली असती, तर तिने त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. आणि इथे तर दोराला तिची मुलगी आहे.

कदाचित सगळं ऐकूनही ती जा म्हणेल. कदाचित म्हणेल, बसने जा, सहलीतल्या दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जा, टिल्लीची मी समजूत काढते. काय म्हणेल ते ती म्हणेल. ते मी ठरवायचं नाही, खटपट्यानेही एकट्याने नाही.

आधी जिना चढून त्याला सांगणार आहे: मी तिला फोन करते आहे, गाद्यांच्या दुकानाचं सांगायला, तुला स्वतः सांगायचं असेल तर हा घे फोन, मी इथेच उभी राहते. तो चिडेल. "आई, तू शब्द दिला होतास," म्हणेल, आणि ते खरंच आहे. चार दिवस माझ्याशी बोलणार नाही, चहा बाहेर पिईल. पिऊ दे.

सून उशिरापर्यंत अहवाल लिहीत बसते, जागी असेल. झोपलेली असली तरी उठवीन.

वर पावलं थांबली आहेत. निघते.