कवड्या की मण्यार

हिंदी मुलखातल्या आमच्या अख्ख्या बरखेडा वसाहतीत सापांशी घरोबा आणि माणसांशी जेमतेम तोंडओळख असलेला एकच गृहस्थ होऊन गेला: आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले भाऊजी. कारखान्यात ड्राफ्ट्समन, सख्ख्या मेव्हण्याला "आपण कोणत्या सेक्शनला?" असं विचारणारे. पण गवतात नुसती सळसळ झाली की म्हणायचे, "धामण. पोट भरलेली." चालताना पावलांचा आवाज नाही. तिन्हीसांजेला मी पोळ्या लाटत असायचे आणि पाठीमागून हलकेच यायचं, "वहिनी, तुमचा बल्ब जरा मोठा आहे ना?" वळून बघावं तर हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्रा श्वास घेतोय. त्यांच्या घरी अभ्रा धुवायला टाकण्यापूर्वी त्याला लांबून काठीने डिवचायची रीत होती.

त्या बल्बखालीच त्यांनी मला कवड्या दाखवला. बिनविषारी, पण दिसायला थेट मण्यारीसारखा. आणि मण्यार चावली तर कळतही नाही, माणूस झोपेतच जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीची मान कोरी, शेपटीकडे पट्टे दाट. मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आलेली नवी नवरी, पक्की दीडशहाणी. एवढ्या भांडवलावर स्वतःला सर्पतज्ज्ञ समजू लागले.

एका उन्हाळी संध्याकाळी कूलरखालून काळंभोर काहीतरी निघालं. वरच्या मजल्यावरच्या भाभीजी दारातूनच किंचाळल्या, "हटो भाभी, कौड़िया है!"

मला हसूच आलं. कौड़िया म्हणजे आपला कवड्याच की! "कुछ नहीं करता बेचारा," म्हणत मी उचलायला वाकले, तोच मागून तो हलका आवाज. "वहिनी, हलू नका. इकडे कौड़िया म्हणतात ते मण्यारीला."

ती माझ्या पावलावरून निघाली. गार, गुळगुळीत, निवांत. मान कोरी. मग पट्टे आले, जोडीजोडीने, दाट होत गेले, संपेचनात. आणि भाऊजी वाकून कौतुक करत होते, "अहाहा, पाठीवरचे खवले बघा, षटकोनी! बघताय ना?" मी बघत राहिले. शेपूट उतरल्यावर त्यांनी काठीने तिला अभ्र्यात घेतलं.

"मेले असते ना मी! आणि तुम्हाला खवले सुचतायत?" मी रडत ओरडले.

"पाय हलला असता तर चावली असती. तुम्हाला बघायला काहीतरी हवं होतं, वहिनी." अभ्र्याची गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा कशीबशी बसली.

भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. क्वार्टरं ओस पडली, पिंपळ खिडक्यांतून आत शिरले. परवा तिथे सहज रिक्षा थांबवली. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून काहीतरी काळं सरकलं. मान दिसली नाही, शेपूटही नाही. कुणीतरी नाव सांगेल म्हणून मी उगाच उभी राहिले.