एका तव्याचा मासा

“ह्याच्याहून हलकी काठी न्हाय?”

मी हातात रॉड ठेवला रे ठेवला, की ते हेच विचारायचे. किंमत नाही, कंपनी नाही, फक्त हलकी हवी.

अलिबागला माझं गळ, नायलॉनची दोरी आणि रॉडचं छोटं दुकान आहे. शनिवारी-रविवारी मुंबईची मंडळी येतात आणि मोठा मासा लागेल असा रॉड मागतात. मासा त्यांना लागत नाही, पण रॉड खपतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. लहान मासा मागणारं गिऱ्हाईक मात्र मी हे एकच पाहिलं. थळकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी गाठलेले. मी त्यांना काका म्हणायचो.

त्यांची परीक्षा मोठी गमतीची असायची. रॉडला दोरी बांधायची, तिचं टोक माझ्या हातात द्यायचं आणि मला रस्त्यापलीकडे उभं करायचं. मग ते दुकानात डोळे मिटून उभे राहायचे आणि मी दोन बोटांनी दोरी हळूच ओढायची.

“लय मोठा झालास!” ते आतून ओरडायचे. “बारीक हो, बाला!”

रिक्षावाले हसायचे. भर दुपारी मी रस्त्याकडेला मासा झालेला, हसतील नाही तर काय!

एवढी हलकी कशाला, हे त्यांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच होते. बाजारात मासे वाट्यानं मिळतात आणि वाटा काही एकट्याला संपत नाही. अर्धा मागितला की मासेवाली विचारायची, “अर्धा कसा? घरात कोन न्हाय का?” ती आपली सहज विचारायची. पण भर बाजारात रोज ‘न्हाय’ म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून ते बाजारातच जाईनासे झाले, डाळभातावर राहू लागले. खाडीत तळहाताएवढं काळुंदर मिळतं, एका माणसाला पुरेसं. पण जाड रॉडवर ते गळाला लावलेला कोलंबीचा तुकडा कधी खाऊन जातं, हाताला कळतच नाही.

शेवटी त्यांनी खराट्याच्या काडीसारख्या शेंड्याचा एक रॉड निवडला. मी म्हटलं, “काका, मोठा लागला तर मोडेल हा.”

“मोठ्याचा मी काय करू? माजा तवा येवढासा.”

त्यानंतर ते दुकानासमोरून जाताना एक बोट वर करायचे. म्हणजे एक मिळालं. मीही मान डोलवायचो. एवढीच आमची भेट, पण मला ती आवडायला लागली होती.

एका दुपारी ते पिशवी घेऊन थेट आत आले. चेहरा नुसता फुललेला.

“दोन गावली. एक सोडनार होतो, मग तुजी आठवन आली. जेवायला ये.”

“काका, आज गुरुवार. मी खात नाही.”

“गुरुवार हाय व्हय?” ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. “घरात कललाच न्हाय. मग उद्या ये. उद्या पन दोन धरतो.”

“नक्की येतो,” मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळीच पुण्याची सात-आठ पोरं आली. दुकान चार वाजेपर्यंत भरलेलं होतं. काका काय, इथलेच, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर तासभर दुकान बंद ठेवता आलं असतं.

सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा पनवेलहून आलेली त्यांची मुलगी आत होती आणि शेजारची बाई पडवीत बसली होती. ती सांगू लागली, “शुक्रवारी चार वाजले तरी जेवलं न्हाईत. मी बोलली, खाऊन घ्या. तर म्हनतात कसे, मानूस यायचा हाय.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “कोन यायचा होता, तुमाला काय ठाव हाय?”

“नाही,” मी म्हणालो.